कारागृहातून सुटका व नशेचा धोका

नशेची सवय असलेल्या बंद्याला सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत घातक असतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३०,२३७ जणांच्या पाहणीत (२००७) या पंधरवड्यातील मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. मुख्य कारण नशेची अतिमात्रा.

गर्द (हेरॉइन) किंवा अफूजन्य गोळ्या पेलण्याची शरीराची सवय नशा थांबल्यावर काही दिवस-आठवड्यांत उतरते, ओढ मात्र उतरत नाही. बाहेर आलेला माणूस जुन्या हिशेबानेच पुडी घेतो आणि श्वास मंदावत थांबतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर थोडी मात्राही जीव घेते. ‘दमलाय, घोरतोय, झोपू द्या’ ही घरच्यांची मायेची समजूत इथेच घात करते. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी रगडूनही जाग येत नसेल, घशातून घरघर येत असेल, ओठ-नखे निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील, तर ती झोप नव्हे. लगेच १०८ ला फोन करावा. श्वास चालू असल्यास कुशीवर वळवावे. थांबला असल्यास मान मागे करून, नाक दाबून दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्यावा. लिंबू, दूध, मीठपाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. अफूजन्य नशेचा असर उतरवणारे नॅलॉक्सोनचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटेच टिकतो. शुद्ध आली म्हणून रुग्णाला घरी नेले आणि तो पुन्हा बेशुद्धीत बुडाला, असे होऊ शकते.

एमडीवर (मेफेड्रोन, ही उत्तेजक नशा) नॅलॉक्सोन चालत नाही. अंग तापणे, छातीत धडधड, टोकाचा संशय दिसल्यास अंग गार ठेवून रुग्णालय गाठावे.

नागपूर मध्यवर्ती कारागृह वर्धा मार्गावर आहे. तिथून सुटलेल्याला शहरातील मेडिकल, मेयो या शासकीय रुग्णालयांत किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात नेता येते. खरी अडचण वेळेची: देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी (खटल्याचा निकाल न लागलेले) आहेत आणि जामिनाचा आदेश आला की सुटका अचानक होते. त्यामुळे उपचाराची तयारी सुटकेच्या तारखेवर नव्हे, कारागृहात दाखल झाल्यापासूनच हवी. कारागृहातील डॉक्टरांची चिठ्ठी, चालू औषधांची यादी व आधार कार्ड नातेवाइकाने मागून घ्यावे. क्षयाची औषधे चालू असतील तर त्यांचाही खंड पडू देऊ नये. शक्यतो घरच्या एकाने दारातच थांबावे, कारण जुने मित्रही तिथेच थांबलेले असतात.

अफूजन्य व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यावी, गिळल्यास फारशी लागू पडत नाही. अंगात गर्द असतानाच पहिली गोळी घेतली तर अंगदुखी, उलट्या, जुलाब उसळतात आणि रुग्ण औषधालाच दोष देऊन निघून जातो. म्हणून सुरुवात डॉक्टरांसमोरच व्हावी. सवय उतरलेल्याला मात्रा कमीच ठेवावी लागते.

पुन्हा अटकेच्या भीतीने अनेकजण उपचार टाळतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कलम ६४अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक आहेत.