बीपी मशीनवरचा तिसरा आकडा
घरी नाडी मोजणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बीपीचं मशीन घेऊन गेलेल्या मंडळींचा दोन-चार दिवसांत फोन येतो, तो बहुतेक वेळा एकाच शंकेसाठी. वरचं १३०, खालचं ८० हे कळलं, पण त्याच्याही खाली ८८ येतंय ते काय? ती नाडी, म्हणजे हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके. डॉक्टर 'पल्स किती?' विचारतात तेव्हा त्यांना हाच आकडा हवा असतो. ऑक्सिमीटरवरही तो ऑक्सिजनच्या शेजारी दिसतो आणि दोघांची अदलाबदल तर नेहमीचीच. 'आईचा ऑक्सिजन ७४ झालाय' असा घाबराघुबरा फोन आला की आम्ही आधी विचारतो, कुठल्या अक्षरांजवळचा आकडा? 'एसपीओ-टू' असेल तो ऑक्सिजन. 'पीआर' किंवा हृदयाचं चित्र असेल ती नाडी. आकडा खरोखर ऑक्सिजनचा असेल तर आमच्याशी बोलत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आमचं दुकान छोटं, परळच्या हॉस्पिटलांच्या शेजारात. आम्ही मशीन विकतो, तपासून देतो. निदान आणि औषध हे डॉक्टरांचं काम. पण घरची मोजणीच चुकली तर डॉक्टरांपुढे चुकीचा आकडा जातो, आणि त्यावरून गोळी वाढते किंवा कमी होते. म्हणून हा कागद प्रत्येक खोक्यात घालतो.

किती ठोके बरोबर?

मोठ्या माणसाचे, शांत बसलेले असताना, मिनिटाला ६० ते १००. पुस्तकात हेच सापडेल. नियमित पळणाऱ्यांचे ५०च्या आसपासही असतात आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. लहान मुलांचे जास्त. तान्ह्या बाळाचे १२०-१४० असले तरी ते त्याच्यासाठी ठीकच. झोपेत सगळ्यांचेच उतरतात.

मुळात हृदयाला बाहेरून कुणी ठोके पाडायला लावत नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, ताल तो देतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास चालेल. मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस त्याला लगाम घालून ६०-७०वर आणते. आमच्या शेजारच्या केईएममध्ये १९६८च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. आज ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया होते त्यांची नाडी बसल्या जागीही ९० ते ११० दिसते, कारण नवं हृदय बसवताना ही नस तुटलेली असते. त्यांच्यासाठी तोच आकडा अपेक्षित. तुमचा ९५ आणि त्यांचा ९५ यांचा अर्थ एक नव्हे.

म्हणून '६० ते १०० मध्ये आहे ना, मग झालं' हे आम्हाला पटत नाही. ज्यांची नाडी वर्षानुवर्षं ६४ आहे त्यांची सलग दहा दिवस ८८ येत असेल, तर आकडा चौकटीतच आहे, पण काहीतरी बदललंय. हिमोग्लोबिन उतरलं असेल, थायरॉइड वाढला असेल, अंगात कणकण असेल, पोटात पाणी जात नसेल, नाहीतर नुसती झोप मोडत असेल. गरोदरपणात दहा-वीस ठोके वाढतात ते नैसर्गिक. उलट, ज्यांची नाडी कायम ८५ आहे त्यांची आजही ८५ आली तर त्यात बातमी काही नाही. तुलना करायची ती स्वतःच्याच कालच्या आकड्याशी. शेजारणीच्या आकड्याशी नाही.

मोजायची कशी

स्टेशनचा जिना चढून, उन्हातून चालत येऊन लोक दुकानात स्टुलावर टेकतात न टेकतात तोच बोट पुढे करतात. मशीनवर १०८ येतं आणि चेहरा उतरतो. तो १०८ जिन्याचा असतो. निदान पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, विडी नको. कटिंग म्हणून सोडून देऊ नका, तोही चहाच.

सगळ्यात चांगली वेळ सकाळची: उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी. रोज तीच वेळ, तीच खुर्ची.

मशीन नसेल तर बोटं पुरतात, हे आम्ही दुकानदार असूनही सांगतो. तळहात वर करा. दुसऱ्या हाताची पहिली, मधली आणि अनामिका अशी तीन बोटं अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला ठेवा. मनगटाच्या मधोमध ताठ दोरीसारखी शीर लागते, तिच्या थोडं बाहेर, अंगठ्याच्या बाजूला. हलकेच दाबा. फार दाबलंत तर ठोके हरवतात. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. सेकंदकाटा पाहत ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ठोके मागे-पुढे पडतायत असं वाटलं तर पूर्ण मिनिटभर मोजा. मानेवर मोजायची वेळ आली तर एकाच बाजूला, तेही हलक्या हाताने.

या बोटांच्या मोजणीत एक गोष्ट कळते ती बऱ्याच मशीनवर नीट कळत नाही: ताल. ठोके सारख्या अंतराने पडतायत की मध्येच एखादा गळतोय, की कसलाच हिशेब नाही? एखादा ठोका अधूनमधून चुकणं पुष्कळांना होतं आणि बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं. पण ताल पूर्ण बिघडलेला असेल तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची, शंका असते, आणि त्यात मेंदूत गुठळी जाऊन पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. त्याची खात्री ईसीजीनेच होते. अशा रुग्णात काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. मग नाडी ८४ आणि छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजलं तर १०२ असा फरक निघू शकतो. तुमच्या बीपी मशीनवर हृदयाचं चिन्ह वेड्यावाकड्या रेघेसह पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

औषध लागू पडतंय का?

बहुतेक जण मशीन घेतात ते याचसाठी, आणि गफलतही इथेच सर्वांत जास्त होते.

मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं ठोके कमी करतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन हीही. गोळी सुरू झाल्यावर ८६ची ६४ झाली तर घाबरू नका, तेच तर हवं होतं. मात्र 'आता नाडी छान आहे' म्हणून बीटा ब्लॉकर मनाने बंद करणं सगळ्यात वाईट. अचानक थांबवलं की ठोके आणि बीपी उसळतात, छातीत दुखणं परत येऊ शकतं. बंद करायची तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. डिगॉक्सिन चालू असणाऱ्यांनी गोळीआधी नाडी मोजावी. ६०च्या खाली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. मधुमेहींसाठी आणखी एक: साखर उतरल्यावर जी धडधड व्हायची ती बीटा ब्लॉकरमुळे जाणवत नाही. घाम मात्र येतो. तेव्हा घामावर लक्ष ठेवा.

आता थायरॉइड. थायरॉइड वाढलेल्या माणसाला डॉक्टर बऱ्याचदा दोन गोळ्या देतात: प्रोप्रॅनोलोल आणि कार्बिमाझोल. पहिलीने धडधड काही तासांत-दिवसांत कमी होते, दुसरी मूळ आजारावर काम करते आणि तिला कित्येक आठवडे लागतात. चौथ्या दिवशी नाडी ११२वरून ८०वर आली, की घरचे म्हणतात, बरं झालं, आता दुसरी गोळी कशाला? नाडी उतरली ती पहिलीने. थायरॉइड अजून तिथेच आहे, तो रक्त तपासल्यावरच कळेल. उलट थायरॉइड कमी असणाऱ्यांना गोळीचा डोस जास्त झाला तर नाडी वाढून ते कळू शकतं, पण डोस ठरतो तो टीएसएच या रक्ततपासणीवर.

हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे वाढलेली नाडी लोहाच्या गोळ्यांनी सावकाश, आठवड्यांच्या हिशेबाने खाली येते. इथे रोज मोजून हाती काही लागत नाही, आठवड्यातून दोनदा पुरे.

काही औषधं नाडी वाढवतात आणि तो त्यांचा दोष नसतो. दम्याचा सॅल्ब्युटामॉलचा पंप ओढल्यावर ठोके वाढतात, हात थोडे थरथरतात. सर्दीच्या काही गोळ्यांनीही वाढतात. डॉक्टरांकडे जाताना फक्त हृदयाच्या गोळ्या नाही, घेत असाल ते सगळं घेऊन जा, मेडिकलमधून मनाने आणलेलंसुद्धा.

नाडी खाली आली म्हणजे आजार बरा झाला, हे समीकरण डॉक्टरांनाही तपासून पाहावं लागलं. आयव्हाब्रॅडीन हे औषध सायनस नोडवर काम करून जवळपास फक्त ठोकेच कमी करतं. २०१०च्या 'शिफ्ट' चाचणीत ज्यांचं हृदय कमजोर होतं आणि नाडी ७० किंवा जास्त होती, त्यांना त्याचा फायदा झाला. हॉस्पिटलात भरती होण्याची वेळ कमी आली. मग २०१४मध्ये 'सिग्निफाय' चाचणीचे निकाल आले. त्यातल्या लोकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, पण हृदय कमजोर नव्हतं. ठोके याही वेळी दहाएक कमी झाले; हार्ट अटॅक आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे औषध तेच, आकडा दोन्हीकडे सुधारला, आणि फायदा एकाच गटाला. एट्रियल फिब्रिलेशनमध्येही २०१०च्या एका डच चाचणीत नाडी ११०च्या आत ठेवणं हे ८०च्या आत ठेवण्यापेक्षा कमी पडलं नाही. तेव्हा 'माझी ९५ आहे, शेजारच्या काकांची ७० आहे, माझे डॉक्टर लक्ष देत नाहीत' असं ठरवण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: माझ्यासाठी किती ठोके हवेत? उत्तर या कागदावर लिहून ठेवा.

पावसाळ्यातला ताप

जून ते ऑक्टोबर आमच्याकडे थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर सर्वांत जास्त खपतात. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, आणि ताप उतरला की उतरायला हवी. डेंग्यूत नेमकं इथेच फसायला होतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरात हुश्श होतं, आणि काही रुग्णांत धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. ताप नाही पण नाडी जलद आणि बारीक, हातपाय गार, पोटात दुखतंय, सारख्या उलट्या, लघवी कमी: सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटलात न्या.

चालणं, जिना आणि हातातलं घड्याळ

२२० वजा वय हा हिशेब प्रसिद्ध आहे. ५५ वर्षांच्या माणसाला १६५. त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८२ ते ११५, हा मध्यम व्यायाम. हिशेब ढोबळ आहे, दहा-बारा ठोक्यांची चूक सहज होते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना तर तो लागूच पडत नाही, त्यांची नाडी औषधामुळे तेवढी वर जातच नाही. आकडा गाठायला ते शिवाजी पार्कला जीव तोडून फेऱ्या मारू लागले तर अनर्थ. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग त्यांना योग्य.

व्यायाम थांबवल्यावर नाडी किती लवकर उतरते यावरूनही हृदयाची तयारी कळते. स्ट्रेस टेस्टमध्ये थांबल्यावर पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर डॉक्टर ते चांगलं मानत नाहीत. हा मापदंड चाळीच्या जिन्यावर जसाच्या तसा लावू नका. पण तोच तिसरा मजला चढून आल्यावर महिन्याभरापूर्वी पाच मिनिटं धडधडायचं आणि आता दोन मिनिटांत थांबतं, हे डॉक्टरांना जरूर सांगा. अँजिओप्लास्टीनंतरच्या रुग्णांकडून त्यांना असलंच ऐकायचं असतं.

स्मार्टवॉच मनगटावर हिरवा उजेड टाकून ठोके मोजतं. बसलेलं असताना ठीक चालतं. पट्टा सैल असेल, घाम असेल, गोंदण असेल तर चुकतं. भराभर चालताना तर कधी पावलंच ठोके म्हणून मोजतं. घड्याळाने रात्री दोन वाजता दाखवलेल्या ४८वर झोप घालवू नका.

वहीत काय लिहायचं

नुसती आकड्यांची रांग डॉक्टरांच्या उपयोगाची नाही. ओळ अशी हवी: '१२ जुलै, स. ६.४५, बीपी १२८/७८, नाडी ७२, ताल सारखा, गोळीआधी, रात्री झोप कमी.' गोळी बदलल्याची तारीख लाल पेनाने. दिवसातून दोनदाच्या वर मोजू नका. दर तासाला मोजणाऱ्यांची नाडी मोजण्याच्या काळजीनेच वाढलेली असते, हे आम्ही काउंटरवर नेहमी पाहतो.

केव्हा वही बंद करून निघायचं

छातीत दाब किंवा दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं, यांतलं काही असेल तर नाडी ७२ असली तरी १०८ या अँब्युलन्सच्या नंबरला फोन करा. हार्ट अटॅकमध्ये नाडी नॉर्मलही असू शकते. शांत बसून दहा मिनिटं झाली तरी १२०च्या वर आहे, किंवा ५०च्या खाली आहे आणि चक्कर येतेय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उभं राहिल्यावर ३० किंवा जास्त ठोके वाढून तसेच राहत असतील आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तेही सांगा. मोजून सांगितलं की नुसत्या 'चक्कर येते'पेक्षा त्यांना पुष्कळ जास्त कळतं.

मशीनविषयी थोडं. बॅटरी उतरली की आकडे भरकटतात, महिनाभर मशीन वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको, नखावर गडद नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट हात हलवू नका. वर्षातून एकदा मशीन आणि कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दोन्ही घेऊन या. आमच्या मशीनशेजारी लावून ताडून देतो, त्याचे पैसे घेत नाही. दुपारी गर्दी कमी असते. आल्यावर पाच मिनिटं बसायची तयारी ठेवा.