व्हॅली फोर्जला लढाई झालीच नव्हती

दर उन्हाळ्यात न्यू जर्सीत कुणाचे ना कुणाचे आईवडील येतात आणि जुलै संपायच्या आत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोफेवर हात ठेवलेला एक फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, 'व्हॅली फोर्जची ऐतिहासिक रणभूमी. इथेच लिंकन...' पुढचं न वाचता मी फोन उपडा ठेवते.

गेटिसबर्ग आणि व्हॅली फोर्ज. दोन्ही पेनसिल्व्हेनियात, दोन्हीकडे हिरवीगार कुरणं, तोफा, पुतळे, आणि प्रवेश फुकट. परतीच्या विमानात बसेपर्यंत दोन्हींची मिसळ झालेली असते.

गेटिसबर्गबद्दल फार सांगायला नको. शाळेच्या भिंतीवरच्या त्या हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्रामुळे लिंकन आपल्याला घरचाच वाटतो. (ते पत्र त्याने लिहिल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही, पण तो वाद आत्ता नको.) अमेरिकेचं यादवी युद्ध, १ ते ३ जुलै १८६३, उत्तरेचा सेनापती मीड, दक्षिणेचा ली, ली हरला. लढाई चालू असताना लिंकन तिथे नव्हता. तो आला १९ नोव्हेंबरला, सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणाला, आणि दोन-तीन मिनिटांत बोलून खाली बसला. आणखी एक, कारण हे दर वर्षी ऐकते: '५१ हजार मेले' असं म्हणू नका. त्या आकड्यात जखमी, कैद झालेले, बेपत्ता असे सगळे आहेत. रणांगणावर मेलेले सात-आठ हजार, आणि तेवढेही काही कमी नाहीत.

व्हॅली फोर्ज त्याच्या ८५ वर्षं आधीचं. युद्ध वेगळं, स्वातंत्र्याचं. समोर इंग्रज, आणि सेनापती वॉशिंग्टन. इथपर्यंत एकदा सांगितलं की लोकांच्या लक्षात राहतं. लक्षात राहत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: व्हॅली फोर्जला लढाई झाली नाही. एकही नाही.

ती छावणी होती. आपल्याला तर हा शब्द समजावून सांगायची गरजच नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं आणि पावसाळ्यात छावणी करायची, हे आपण शाळेपासून वाचत आलो. तिकडे फौजांना पावसाऐवजी हिवाळा अडवायचा, एवढाच फरक. १७७७च्या सप्टेंबरात ब्रँडीवाइनला वॉशिंग्टन हरला, इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं, ऑक्टोबरात जर्मनटाउनलाही अपयश आलं. मग १९ डिसेंबरला सुमारे १२ हजार माणसं घेऊन तो इथे येऊन बसला. शहरावर नजर ठेवता येईल इतकं जवळ, अचानक छापा पडणार नाही इतकं लांब, तीसेक किलोमीटरवर. पुढच्या १९ जूनला फौज निघाली. मधल्या सहा महिन्यांत छावणीवर इंग्रजांचा हल्ला झालाच नाही.

तरी दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. टायफस, हगवण, ताप. 'थंडीने गारठून मेले' हे वाक्यही इथेच सोडून द्या. बहुतेक मृत्यू मार्च ते मे या महिन्यांतले, म्हणजे बर्फ वितळून गेल्यावरचे. बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करणारा वॉशिंग्टन चित्रात छान दिसतो, पण त्या प्रसंगालाही पुरावा नाही.

हा फरक माहीत नसला की तिथे जाऊनही काही दिसत नाही, म्हणून मी एवढी अडून बसते. गेटिसबर्गला जमीनच बोलते. सिमेट्री रिज या टेकाडावर उभं राहून पश्चिमेला बघा. दीडेक किलोमीटरचं उघडं माळरान, आणि तिसऱ्या दिवशी लीची १२ हजारांवर माणसं ते तुडवत तोफांच्या तोंडावर चालत आली. इथे मार्गदर्शक नसला तरी पोटात खड्डा पडतो. (असला तर उत्तमच. तिथे परवानाधारक मार्गदर्शक मिळतात, ते तुमचीच गाडी चालवत सगळं दाखवतात. बसच्या टूरपेक्षा शंभर पटींनी बरं.) तिथल्या १३००हून जास्त स्मारकांपैकी कितीतरी त्या-त्या पलटणीतून वाचलेल्यांनीच, आपण जिथे लढलो तिथे उभारलेली आहेत.

त्याच नजरेने व्हॅली फोर्ज बघायला गेलं की फजिती होते. 'शत्रू कुठल्या बाजूने आला गं?' माझ्या आत्याने विचारलं होतं. आलाच नाही, आत्या. इथे प्रश्न वेगळे विचारायचे: पाणी कुठून आणायचे, धान्य का पोचत नव्हतं, इतकी माणसं निजायची कशी? १४ बाय १६ फुटांची लाकडी खोपटी, एकेकीत बारा जण. आत जाऊन उभे राहा, आणि बारा माणसं मोजा. खोपटी नव्याने बांधलेल्या आहेत, जुनी एकही उरलेली नाही. अस्सल बघायचं तर नदीजवळचं दगडी घर बघा, तिथे वॉशिंग्टन राहत होता. मग कवायतीचं मैदान. फेब्रुवारी १७७८मध्ये प्रशियाचा, म्हणजे आताच्या जर्मनीतला, लष्करी अधिकारी श्टॉयबेन आला. त्याला इंग्रजी जेमतेम, म्हणून दुभाष्यांमार्फत ओरडत त्याने या विस्कळीत फौजेला एका तालात चालायला आणि संगीन चालवायला शिकवलं. आणि फोटोतल्या तोफा? ६ मेला, फ्रान्सशी मैत्रीचा तह झाल्याच्या आनंदात, इथे तोफा कडाडल्या. पण त्या सलामीच्या.

गेटिसबर्गला अख्खा दिवस द्या. व्हॅली फोर्जला अर्धा पुरतो, पण तो खरंच अर्धा असू द्या. शेजारच्या किंग ऑफ प्रशिया मॉलमध्ये चार तास आणि इथे गाडीतून न उतरता वीस मिनिटं, हा हिशोब मला मान्य नाही. (मॉलच्या नावाचा श्टॉयबेनशी संबंध नाही. ते नाव आलं एका जुन्या खानावळीवरून.)

आणि याच माणसांना लढताना बघायचं असेल तर पेनसिल्व्हेनियापर्यंत जायचीही गरज नाही. छावणी उठल्यावर नऊच दिवसांनी, २८ जून १७७८ला, न्यू जर्सीतल्या मनमथला, मरणाच्या उकाड्यात ती इंग्रजांसमोर उभी राहिली आणि मोडली नाहीत. एडिसनहून पाऊण तास. तिथल्या फोटोखाली 'रणभूमी' लिहा, मी काही बोलणार नाही. फक्त लिंकन घालू नका.