चित्तिरै तिरुविळा (मदुराई)

तमिळनाडूतील मदुराई शहरात तमिळ पंचांगाच्या चित्तिरै महिन्यात (एप्रिल-मे) होणारा उत्सव. ‘तिरुविळा’ म्हणजे देवाचा उत्सव. प्रत्यक्षात हे दोन देवळांचे दोन उत्सव आहेत. एक, शहराच्या मध्यभागी असलेल्या मीनाक्षी-सुंदरेश्वर मंदिरातला मीनाक्षीचा सुंदरेश्वराशी, म्हणजे शिवाशी, होणारा विवाह. दुसरा, उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवरच्या अळगर कोविलहून निघालेल्या विष्णूचे, म्हणजे कळ्ळळगर किंवा नुसत्या अळगरचे, वैगै नदीत उतरणे. पहिला शैव, दुसरा वैष्णव. दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात आणि मदुराईकरांच्या मनात त्यांचा उत्सव एकच आहे.

मदुराईत मंदिराच्या भिंतीपाशी देऊळ संपत नाही. प्राकारातल्या आडि वीथी, बाहेर चित्तिरै, आवणि मूल आणि मासि वीथी, सर्वांत बाहेर वेळि वीथी, अशा चौकोनात चौकोन घातल्यासारख्या रस्त्यांनी जुने शहर मंदिराभोवती गुंफले आहे. ‘वेळि’ म्हणजे बाहेरचा. बाकीची नावे महिन्यांची. त्या त्या महिन्यात देव त्या त्या रस्त्यावर येत, म्हणून ती पडली. चित्तिरै महिन्यातला रथ मात्र आज मासि वीथीवरून फिरतो. मीनाक्षीचा विवाह पूर्वी मासि महिन्यात (फेब्रुवारी-मार्च) होत असे. तो चित्तिरैमध्ये आणून अळगरच्या उत्सवाशी जोडण्याचे श्रेय तिरुमलै नायक (कारकीर्द १६२३–५९) या राजाला दिले जाते. राजाने महिना बदलला, रस्त्याने आपले नाव सोडले नाही.

ध्वजारोहणाने उत्सव सुरू होतो आणि रोज संध्याकाळी वेगवेगळ्या वाहनांवरून देवाची मिरवणूक निघते. आठव्या दिवशी मीनाक्षीचा पट्टाभिषेक होतो. तिच्या हाती राजदंड येतो आणि पुढचे चार महिने मदुराईवर तिचे राज्य असते. आवणि महिन्यात सुंदरेश्वराचा पट्टाभिषेक होईपर्यंत. हे समजले की बाकीचे सोपे होते. मीनाक्षी ही मलयध्वज पांड्याची मुलगी, यज्ञातून जन्मलेली, तीन स्तनांची. मुलासारखी शस्त्रे शिकून ती राणी झाली आणि दिग्विजयाला निघाली. कैलासावर शिव समोर येताच तिसरा स्तन नाहीसा झाला, तेव्हा हाच आपला पती हे तिला कळले. नवव्या दिवशी मासि वीथीवर हा दिग्विजय घडतो : राणी आठही दिक्पालांना जिंकते आणि अखेर शिवासमोर येऊन थांबते. देवळातही दर्शन आधी मीनाक्षीचे, मग सुंदरेश्वराचे घेतात.

दहाव्या दिवशीचा विवाह, ‘तिरुकल्याणम्’, हा घरचे कार्य असावे तसा होतो. कन्यादान करण्यासाठी जवळच्या तिरुप्परंकुंड्रमहून विष्णू येतो. त्याच्यासोबत मुरुगन, म्हणजे कार्तिकेय, हाही येतो. मंदिरातल्या कंबत्तडी मंडपातल्या खांबावर हाच प्रसंग कोरलेला आहे : शंकराच्या हाती मीनाक्षीचा हात, शेजारी विष्णू आणि मध्ये मान किंचित खाली घातलेली नवरी. एरवी योद्ध्याच्या तोऱ्यातली ही राणी दगडात लाजलेली पाहताना पाय तिथून निघत नाही. देवीला मंगळसूत्र बांधले जाते त्या क्षणी जमलेल्या सवाष्णी आपल्या गळ्यातला जुना ताळीचा (मंगळसूत्राचा) दोरा बदलून हळदीचा नवा पिवळा दोरा बांधतात. गर्दीत एकमेकींच्या मानेमागे गाठ मारून देणाऱ्या अनोळखी बायका हे या उत्सवाचे सर्वांत हृद्य दृश्य. लग्नाचे जेवण असते, आणि ‘मोय’, म्हणजे आहेर, देण्याची रीतही लोक पाळतात.

अकराव्या दिवशी दोन प्रचंड लाकडी रथ दोरांनी ओढत मासि वीथीतून फिरवले जातात.

चैत्री पौर्णिमेला मदुराईचे लक्ष नदीकडे वळते. अळगर आदल्या दिवसांत पालखीतून निघतो तो कळ्ळर या तिथल्या जमातीच्या वेषात : बांधलेला केसांचा झुबका, हाती काठी. वाटेत ‘मंडगप्पडी’ म्हणजे मुक्कामाचे मांडव शेकड्यांनी असतात आणि प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते. मदुराईकर सामोरे जाऊन त्याचे स्वागत करतात, त्याला ‘एदिर सेवै’ म्हणतात. तल्लाकुळमला तो श्रीविल्लीपुत्तूरहून आलेली संत कवयित्री आंडाळची माळ घालतो आणि सोन्याच्या घोड्यावर बसून पहाटे वैगैत उतरतो. नेसूचे रेशीम कोणत्या रंगाचे, याकडे सगळ्यांचे डोळे असतात. हिरवे निघाले तर वर्ष भरभराटीचे. उन्हाळ्यात नदी बहुधा कोरडी, म्हणून वैगै धरणातून पाणी सोडतात. अळगरसारखा वेष केलेले भक्त कातडी पिशव्यांतून त्याच्यावर पाण्याच्या चिळकांड्या उडवतात.

लोककथा सांगते की अळगर हा मीनाक्षीचा भाऊ. लग्नाला उशिरा पोचला आणि रागावून शहरात न शिरताच नदीवरून परतला. देवळाची परंपरा वेगळे सांगते : दुर्वासांच्या शापाने बेडूक झालेल्या मंडूक ऋषींना मुक्ती देण्यासाठी तो येतो, आणि तो विधी पौर्णिमेनंतर नदीकाठी होतोही. दोन्ही कथांचा मेळ घालायची गरज नाही. रुसलेल्या भावाच्या कथेनेच दोन पंथांची देवळे एका कुटुंबात आणली.

या गर्दीत एक बोली मराठी माणसाचे कान टवकारते. नायक राजांच्या काळापासून इथे वसलेल्या सौराष्ट्र विणकर समाजाची ती भाषा. तिचे गुजरातीशी व मराठीशी नाते आहे. मदुराईची सुंगुडी साडी याच समाजाच्या हातची.

मंदिराची दारे मात्र सर्वांना पूर्वी उघडी नव्हती. ८ जुलै १९३९ रोजी स्वातंत्र्यसैनिक ए. वैद्यनाथ अय्यर यांनी दलित बांधवांना घेऊन मंदिरात प्रवेश केला. त्या दिवसाशिवाय आजच्या गर्दीचे वर्णन पुरे होत नाही.

उत्सवात जाणाऱ्याने राहण्याची सोय फार आधी करावी आणि नदीकाठी पहाटेआधी पोचावे. २०२२ मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत दोघांचा जीव गेला, तेव्हा लहान मुले व वृद्ध यांना घेऊन अगदी पुढे जाऊ नये. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, आणि दुपारी ते काही तास बंद असते. चित्तिरै चुकले तरी रोज रात्रीचा पळ्ळियरै विधी चुकवू नये : सुंदरेश्वराच्या पादुका पालखीत घालून, वाजतगाजत मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात आणि मग दार लावतात.