अनइन्स्टॉल वेगळं, सरेंडर वेगळं: नव्या कॉम्प्युटरवर लायसन्स नेण्याआधी एवढं वाचा

"जुन्या पीसीतून टॅली काढून टाकलं, फॉरमॅट पण मारला, तरी नव्यावर लायसन्स चालू होईना गेलंय, काहून?" टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल दिवाळीपासून हाच प्रश्न यायलाय, कधी लातूरच्या मोंढ्यातून, कधी परभणीहून, कधी जालन्यातल्या एखाद्या बियाणाच्या दुकानातून, आणि उत्तर दर वेळी तेच असतं म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नेमका सोयाबीनच्या आवकीत, दिवाळीच्या तोंडावर. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणून लोकांनी भराभर नवे पीसी घेतले आणि जुने कुणाला भाच्याला, कुणाला गावाकडं शाळेत असं देऊन टाकले. घोळ झालाय तो या देऊन टाकण्यातच.

इन्स्टॉल करणं तुम्हाला येतं, ते सांगत बसत नाही. सेटअप उतरवायचा, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. डेटा कॉपी करणं पण येतं, टॅलीच्या डेटा फोल्डरमधले आकड्यांच्या नावाचे फोल्डर उचलायचे, नव्या मशीनवर टाकायचे, कंपनी उघडते, झालं. सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, डेटा तुमचाच आहे, या दोन्हीत अडायला काही नाही. अडतं ते तिसऱ्या गोष्टीत, लायसन्समध्ये.

आता मुद्द्याचं. अनइन्स्टॉल आणि सरेंडर ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत.

तुम्ही लायसन्स पहिल्यांदा ॲक्टिव्हेट करता तेव्हा सॉफ्टवेअर त्या मशीनच्या हार्डवेअरची ओळख घेतं आणि कंपनीच्या सर्व्हरवर नोंद होते की हा सीरियल नंबर अमुक मशीनवर चालू आहे. लायसन्स राहतं ते तिथं, त्या नोंदीत. तुमच्या सी ड्राइव्हमध्ये जी लायसन्सची फाइल दिसते ती त्या नोंदीची पावती आहे फक्त, म्हणून अख्खा टॅलीचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्या मशीनवर टाकला तरी काही उपयोग होत नाही, मशीन बदललं की ती फाइल तिथं चालतच नाही. अनइन्स्टॉल केलं की काय होतं, तुमच्या मशीनवरच्या फाइली जातात, डेस्कटॉपवरचा आयकॉन जातो, आणि सर्व्हरला त्याची खबरही नसते. तिथल्या नोंदीत तुमचं लायसन्स अजून त्या जुन्या, फॉरमॅट मारलेल्या, भाच्याकडं गेलेल्या पीसीवर चालूच आहे. शेतातलं पीक काढलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव उतरत नाही, त्याला फेरफार लावावा लागतो, सरेंडर म्हणजे तो फेरफार. चालू सॉफ्टवेअरमधून, इंटरनेट जोडलेलं असताना, तुम्ही सर्व्हरला कळवता की या मशीनवरून माझं लायसन्स काढा, सर्व्हर नोंद मोकळी करतो आणि मग तेच लायसन्स दुसरीकडं चालू करता येतं.

यातला खरा फास असा आहे की सरेंडर जुन्या मशीनवरूनच, सॉफ्टवेअर चालू असतानाच करायचं असतं. म्हणजे आधी अनइन्स्टॉल केलं तर सरेंडरचं बटणच उरत नाही, आणि आधी फॉरमॅट मारला तर सरेंडरचा विषयच संपला. क्रम चुकला की सगळं चुकलं, आणि लोक नेमका क्रमच चुकवतात, कारण जुन्या मशीनची साफसफाई आधी करायची घाई असते. दुकानात पीसी जोडून देणारी पोरंसुद्धा हेच करतात, हार्डडिस्क काढली, डेटा ओढून घेतला, जुन्यावर फॉरमॅट, नव्यावर सगळं टाकून दिलं, "शेठ, झालं बगा" म्हणून गेली, आणि संध्याकाळी मुनीम पट्टी करायला बसला की कळतं. याचा मला मनापासून राग येतो. डेटा वाचवला म्हणजे काम झालं असं नाही, ज्याला पैसे मोजलेत ते लायसन्स कुठंय हे विचारणं हा त्या कामाचाच भाग आहे.

कळतं कसं, तर टॅली उघडतं, कंपनी पण दिसते, जुन्या सगळ्या एन्ट्र्या दिसतात, पण वर एज्युकेशनल मोड आलेला असतो. त्या मोडमध्ये व्हाउचर महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची अशा ठरावीक तारखांनाच टाकता येतं. मुनीम बारा तारखेची खरेदी टाकायला जातो, तारीख घेतच नाही, त्याला वाटतं डेटा खराब झाला, मग रिराइट कर, बॅकअप रिस्टोर कर असे उद्योग सुरू होतात आणि धड असलेला डेटा खरंच बिघडायची वेळ येते. डेटाला काहीही झालेलं नसतं. आधी वर एज्युकेशनल लिहिलंय का बघा, लिहिलं असेल तर डेटाला हात लावू नका.

करायचं असं. जुन्या पीसीवर टॅलीप्राइम उघडा, एफ-वन दाबून हेल्प, त्यात सेटिंग्ज, मग लायसन्स, तिथं सरेंडर. जुनं ईआरपी नाइन असेल तर एफ-ट्वेल्व्ह, लायसन्सिंग, सरेंडर लायसन्स. रजिस्टर केलेला ईमेल आयडी आणि पासवर्ड मागतं, टाका. सरेंडर झालं की त्याच मशीनवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जातं, आणि हे घाबरायचं नाही तर खात्री करून घ्यायचं लक्षण आहे, जुन्या मशीनवर एज्युकेशनल दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग नव्या मशीनवर टॅली टाका, लायसन्सच्या त्याच मेनूत जाऊन रिॲक्टिव्हेट करा, तोच आयडी, तोच पासवर्ड. सीरियल नंबर तोच राहतो, नवीन पैसे लागत नाहीत. सिल्व्हर म्हणजे एका मशीनचं लायसन्स, म्हणून हा खटाटोप करावाच लागतो. गोल्ड म्हणजे एका ऑफिसातल्या अनेक मशीनचं, त्यांनी फक्त एवढं बघायचं की ऑफिसातला लायसन्स सर्व्हर कोणत्या मशीनवर आहे, सरेंडर तिथूनच. लॅनवरचे बाकीचे पीसी बदलायचे असतील तर त्यांना यातलं काहीच करायचं नाही, नवा पीसी ऑफिसातल्या त्या सर्व्हरला जोडायचा की झालं.

आणि इथं दुसरी अडचण निघते, ती पहिलीपेक्षा वाईट. तो ईमेल आयडी कुणाचाय? निम्म्या दुकानांत मालकाला माहीत नसतं. लायसन्स घेताना डीलरने स्वतःचा आयडी टाकलेला असतो, नाहीतर तेव्हाच्या अकाउंटंटचा, जो आता पुण्याला कंपनीत लागलाय आणि फोन उचलत नाही. बिल तुमच्या नावाचं, पैसे तुमचे, आणि लायसन्स कुठं न्यायचं हे दुसऱ्याच्या मेलबॉक्सवर ठरणार. मी हे कधीच चालवून घेत नाही, लायसन्स घ्यायला गेलो की पहिलं धंद्याचा कायमचा मेल आयडी देतो आणि मोबाइल नंबर मालकाचाच लावतो, मग पैशाचं बोलणं. तुमचं लायसन्स आज दुसऱ्याच्या आयडीवर असेल तर पीसी बदलायची वाट न बघता आत्ताच बदलून घ्या, तो माणूस फोन उचलतो तोवरच.

हीच भानगड लॅपटॉपसोबत येणाऱ्या ऑफिसची. वर्ड-एक्सेल पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, दुकानदार पटकन स्वतःचं टाकून देतो, गिऱ्हाईक खूश, आणि पुढं फॉरमॅट मारायची वेळ आली की तेच ऑफिस परत मिळत नाही. बॉक्स उघडताना तिथं उभे राहा आणि स्वतःचं अकाउंट स्वतः टाका.

आता विंडोजचं, कारण टॅलीचा नियम लोक विंडोजला लावतात आणि तिथं तो चालत नाही. विंडोजमध्ये सरेंडर असं काही बटण नाहीच. तिथं प्रश्न एवढाच की तुमचं लायसन्स मशीनसोबत आलेलं आहे का वेगळं विकत घेतलेलं. मशीनसोबत आलेलं म्हणजे ओईएम, ते त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं आणि मशीन मेलं की तेही गेलं, ते नव्या पीसीवर न्यायचा हक्कच तुम्हाला मिळालेला नाही. साधारण विंडोज ८ पासून कंपनीच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या बायोसमध्येच घातलेली असते, म्हणून तर खाली तो पंचवीस अक्षरांचा स्टिकर आता दिसत नाही. वेगळं घेतलेलं म्हणजे रिटेल, ते एका वेळी एका मशीनवर चालवायचं या अटीवर हलवता येतं. आपलं कोणतं हे अंदाजाने ठरवू नका. विंडोज आणि आर एकदम दाबा, रनमध्ये इंग्रजी छोट्या लिपीत एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून स्लॅश आणि डीएलआय असं टाका, एंटर मारा, थोड्या वेळात छोटी खिडकी येते, त्यात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम (म्हणजे संस्थांना एकगठ्ठा दिलेलं) यातला शब्द लिहिलेला असतो. रिटेल असेल तर जुन्या मशीनवरचं विंडोज तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, आणि नव्या मशीनवर त्याच अकाउंटने ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर चालवा, ही सोय २०१६ पासून आहे. एकट्या दुकानातल्या पीसीवर व्हॉल्यूम दिसलं तर समजा की तिथं तुमच्या नावचं हलवण्यासारखं काही नाहीच, ज्याने पीसी जोडून दिला त्याने काहीतरी उरकून दिलंय. काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कीच्या नादी पण लागू नका, त्यातल्या पुष्कळ कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूमच्या निघतात, आज चालतात, उद्या कंपनीने ब्लॉक केल्या की कुणाकडं दाद मागणार?

बाकीच्यांचं थोडक्यात. अडोबीसारखी दर महिन्याची सॉफ्टवेअरं अकाउंटवर चालतात, दोन मशीनवर साइन इन राहता येतं, तिसऱ्यावर गेलात की जुन्यातून साइन आउट करा म्हणून तेच सांगतात, नव्या मशीनवर बसूनच ते होतं, म्हणजे जुना पीसी हातात नसला तरी अडत नाही. ऑटोकॅडचं जुनं कायमचं लायसन्स असेल तर त्यात लायसन्स ट्रान्सफर युटिलिटी यायची, जुन्यावरून एक्स्पोर्ट, नव्यावर इम्पोर्ट, म्हणजे सरेंडरच. काही सॉफ्टवेअरं अशीही आहेत की अनइन्स्टॉल करतानाच विचारतात, लायसन्स पण सोडायचं का, तिथं हो म्हणलं की दोन्ही कामं एकदम होतात, आणि मला वाटतं सगळा गैरसमज त्यांच्यामुळंच पसरलाय, एकात झालं म्हणून सगळ्यात होतं असं धरून चालतात लोक.

डाँगलवाल्यांना, म्हणजे ज्यांचं लायसन्स पीसीला लावायच्या छोट्या यंत्रात असतं त्यांना, मात्र यातलं काहीच लागू नाही. लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्यांकडं श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर असतं, त्याचं लायसन्स त्या डाँगलमध्येच. जुन्या पीसीतून उपसायचा, नव्यात लावायचा, ड्रायव्हर टाकायचा. अनइन्स्टॉल करा न करा, काही फरक नाही. फक्त तुमचा डाँगल जर तो जुना प्रिंटर पोर्टचा रुंद प्रकार असेल तर नव्या पीसीला ते पोर्टच नसतं, ते पीसी घ्यायच्या आधी बघा. जीएसटी आणि इन्कम टॅक्सला लागणारी डिजिटल सहीही तशीच, सही त्या यूएसबी टोकनच्या आत असते, कॉपी होत नाही, नव्या पीसीवर टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलला लागणारं सॉफ्टवेअर टाकलं की चालते. "सही जुन्या कॉम्प्युटरमध्येच राहिली" असं म्हणणारे भेटतात, राहिलेली नसते, ड्रायव्हर राहिलेला असतो.

आता ज्यांनी आधीच फॉरमॅट मारलाय किंवा ज्यांची हार्डडिस्क व्होल्टेजच्या खेळात गेलीय त्यांच्यासाठी. मार्ग बंद झालेला नाही, लांबलाय. टॅलीचं म्हणाल तर नव्या मशीनवर रिॲक्टिव्हेट करून बघा, रजिस्टर आयडीच्या मेलवर अनलॉक की आली तर ती टाका, नाहीच झालं तर सपोर्टला फोन. फोन करायच्या आधी तीन गोष्टी समोर घेऊन बसा, सीरियल नंबर, खरेदीचं बिल आणि रजिस्टर ईमेल उघडलेला. सीरियल नंबर सापडत नसेल तर जुन्या मेलमध्ये शोधा, लायसन्स घेतल्यावर आलेल्या मेलमध्ये तो असतो. आणि ज्यांचा जुना पीसी अजून कोपऱ्यात धूळ खातोय त्यांनी तो आज चालू करावा, नेट जोडून सरेंडर मारावं, ऑफिसला कोणतं अकाउंट लावलंय ते वहीत लिहून घ्यावं, नव्यावर सगळं चालू झालेलं बघावं, त्यावर एकदा जीएसटी रिटर्न भरून बघावं आणि मगच भाच्याला फोन करावा.