लाल आणि निळा: बीटल्सच्या दोन संकलनांची पार्श्वभूमी

बीटल्स या ब्रिटिश रॉक गटाचे ‘१९६२–१९६६’ आणि ‘१९६७–१९७०’ हे दुहेरी अल्बम नावापेक्षा मुखपृष्ठाच्या रंगानेच ओळखले जातात: पहिला लाल, दुसरा निळा. एप्रिल १९७३ मध्ये ते बाजारात आले तेव्हा गट फुटून तीन वर्षं झाली होती आणि भागीदारी मोडण्याचा खटला लंडनच्या कोर्टात रेंगाळत होता. मात्र या अल्बमच्या जन्माचं खरं कारण होतं चोरटा माल.

अमेरिकेत ‘अल्फा ओमेगा’ नावाचा चार रेकॉर्डचा विनापरवाना संच टीव्ही-रेडिओवर राजरोस जाहिरात करून टपालाने विकला जात होता. हे शक्य झालं कायद्यातल्या फटीमुळे. ध्वनिमुद्रणाला तिथे संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्यानंतरच्या मुद्रणांनाच. बीटल्सचं सगळं काम त्याआधीचं. शिवाय ब्रिटनमध्ये त्यांची बरीच सिंगल्स (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) मूळ अल्बममध्ये घेतलेलीच नव्हती, त्यामुळे एकत्रित संचाला गिऱ्हाईक तयारच होतं. १९६६ चं १६ गाण्यांचं ब्रिटिश संकलन एव्हाना अपुरं पडत होतं.

निवडीचं श्रेय व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांना दिलं जातं. गंमत म्हणजे त्यांचा करार मार्चअखेर संपला आणि अल्बम अमेरिकेत २ एप्रिलला आले. निळा तिथे पहिल्या क्रमांकावर गेला, लाल तिसऱ्या.

लालमधली २६ही गाणी गटातल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या जोडीने लिहिलेली. दुसऱ्यांची गाणी नाहीत, गटातला गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचं एकही नाही. ही निवड एकांगीच म्हणायला हवी. निळ्यात त्याची चार आहेत. पण मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत जानेवारी १९६८ मध्ये ज्याचं वादन मुद्रित झालं, ते हॅरिसनचं ‘द इनर लाइट’ तेव्हाही वगळलं गेलं आणि २०२३ च्या वाढीव आवृत्तीतही.

दोन्ही संच दोन-दोन रेकॉर्डचे, पण भरणा फार विषम. लाल सुमारे ६३ मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला जेमतेम १६ मिनिटं. निळा जवळजवळ १०० मिनिटांचा, बाजूला २५. मिनिटं वाढली की खाचा जवळ-जवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि आधी बळी जातो तो खर्ज. त्यात तबकडीच्या मध्याकडे सुईखालून खाच हळू सरकते, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यांत वरचे सूर फाटतात. जुनी प्रत घेताना निळ्याच्या दुसऱ्या बाजूची अखेर ऐकून पाहावी: सात मिनिटांच्या ‘हे जूड’नंतर अगदी आतल्या खाचांत गिटारने खरखरणारं ‘रेव्होल्यूशन’ येतं. मात्र तिथली सगळीच खरखर दोष नव्हे, गिटार मुद्दाम तशीच फाटकी मुद्रित केली आहे.

१९९३ मध्ये सीडी आल्या तेव्हा उलटं झालं. लालची ६३ मिनिटं एका सीडीवर सहज मावली असती, तरी संच दोन सीडींचा निघाला आणि किंमतही दोनची लागली. ग्राहकांनी बोंब मारली ती रास्तच होती.

लालमधल्या ‘शी लव्हज यू’चं खरं स्टिरिओ (डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं) मिश्रण कित्येक वर्षं नव्हतं, कारण गायन आणि वाद्यं वेगळी ठेवणारी मूळ टेपच उरली नव्हती. एकाच मिश्रणातून आवाज सुटे करणारं संगणकी तंत्र आल्यावर २०२३ साली ते जमलं. त्या वर्षीच्या वाढीव आवृत्तीत लालमध्ये ३८ आणि निळ्यात ३७ गाणी आहेत. हॅरिसनचं ‘टॅक्समन’ अखेर लालमध्ये आलं आणि नवं ‘नाऊ अँड देन’ निळ्यात. घेताना एक लक्षात ठेवावं: सीडीवर वाढीव गाणी कालक्रमाने मधे-मधे पेरली आहेत, रेकॉर्डच्या संचात मात्र ती तिसऱ्या तबकडीवर आहेत आणि पहिल्या दोन तबकड्यांवर १९७३ चाच क्रम आहे.