एमआरआयवरचे पांढरे ठिपके आणि एमएसचं निदान

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आहे असं ठामपणे सांगणारी एकही रक्तचाचणी नाही. तरीही रक्त भरपूर वेळा द्यावं लागतं, कारण एमएसचं सोंग घेणारे आजार बरेच आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

सुरुवात तक्रारीच्या तपशिलापासून होते. एमएसमध्ये मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) यांतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर शरीराची प्रतिकारशक्तीच हल्ला करते. अटॅक म्हणायचा तर त्रास किमान 24 तास टिकायला हवा, त्या वेळी ताप नको, आणि आधीच्या अटॅकला 30 दिवस उलटलेले हवेत. सहसा त्रास काही दिवस वाढतो, काही आठवडे राहतो आणि मग ओसरतो. कधी हात, कधी गाल अशा जागा बदलत काही सेकंदच येणाऱ्या मुंग्या एमएसच्या असण्याची शक्यता कमी. हात क्षणात लुळा पडला तर मात्र आधी पक्षाघाताची शंका घ्यायची आणि तडक हॉस्पिटल गाठायचं.

डोळ्याची तक्रार पुष्कळदा चष्म्याच्या दुकानात वाया जाते. डोळा हलवला की दुखतो आणि दोन-तीन दिवसांत त्याच डोळ्याने धूसर दिसू लागतं. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघा. एका डोळ्याला ते विटलेलं, विटकरी दिसत असेल तर नंबर काढत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आता एमआरआय. रिपोर्टमध्ये ‘नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज’, म्हणजे नेमकं कारण न सांगणारे पांढरे ठिपके, असं लिहून आलं की घर हादरतं. असे ठिपके मायग्रेन, ब्लडप्रेशर, मधुमेह, सिगारेट किंवा नुसत्या वाढत्या वयानेही येतात. ठिपका आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे महत्त्वाचं. 2001 साली आलेल्या आणि 2024 मध्ये पुन्हा सुधारलेल्या, एमएस ठरवण्याच्या मॅकडॉनल्ड निकषांत पाच जागा धरल्या जातात: मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला, बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) लगत किंवा त्याच्या आत, मेंदूचा देठ आणि अनुमस्तिष्क (लहान मेंदू), मज्जारज्जू, आणि दृष्टिचेता. मज्जारज्जूतल्या डागाला विशेष वजन, कारण वयामुळे तिथे असे डाग पडत नाहीत. म्हणून पहिल्याच वेळी मेंदूबरोबर मणक्याचाही एमआरआय झाला तर बरं. फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. पुढच्या स्कॅनशी ताडून पाहायला तीच लागते.

आपल्याकडे पहिला संशयित बी-12. शुद्ध शाकाहारी, किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन अथवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारा माणूस असेल तर पायांना मुंग्या आणि अंधारात तोल जाणं बी-12च्या कमतरतेनेही होतं. गोंधळ कुठे होतो, तर थकवा म्हणून आधीच पाच इंजेक्शनं टोचलेली असतात, मग पातळी उत्तम येते आणि बी-12 यादीतून उगाच बाद होतं. तपासणी इंजेक्शनाआधी करायची. पातळी काठावरची असेल तर रक्तातलं होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड पाहायचं, बी-12 कमी पडलं की ही वाढतात.

दुसरा संशयित एनएमओ, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, दृष्टिचेता आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा आजार. आशियात तो बराच काळ एमएसचाच प्रकार समजला गेला. 2004 मध्ये त्याची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली आणि आजार वेगळा निघाला. मज्जारज्जूतला डाग सलग तीन किंवा जास्त मणक्यांइतका लांब असेल, दोन्ही डोळे एकदम गेले असतील, किंवा कारण नसताना उचकी-उलटी दिवसेंदिवस थांबत नसेल, तर रक्तात ॲक्वापोरिन-4 (एनएमओची) आणि मॉग (एमएससारख्याच दिसणाऱ्या आणखी एका आजाराची) प्रतिपिंडांची तपासणी हवीच, तीही सेल-बेस्ड, म्हणजे जिवंत किंवा जतन केलेल्या पेशी वापरणाऱ्या पद्धतीने. एलायझा या दुसऱ्या पद्धतीचा रिपोर्ट चुकीचा पॉझिटिव्ह येऊ शकतो. हा आटापिटा अशासाठी की इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओ बिघडवू शकतात.

क्रमही चुकतो. अटॅक आला की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 1 ग्रॅम, असं तीन ते पाच दिवस शिरेतून देतात. त्यानंतर रक्त पाठवलं तर प्रतिपिंडं हाती लागत नाहीत असं होऊ शकतं, आणि एमआरआयवर कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या औषधाने) उजळणारा डाग मावळतो. शिवाय टीबी तपासणीतून राहून गेलेला असेल तर नुसतं स्टेरॉइड महागात पडतं. दृष्टी झपाट्याने जात असेल तर औषध मुळीच अडवू नये, पण सलाइन लावायच्या आधी तपासणीपुरतं रक्त काढून ठेवायला पाच मिनिटं पुरतात.

मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी तपासायला ते पाठीतून सुईने काढतात, त्याला लोक फार घाबरतात. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर नंतरची डोकेदुखी पुष्कळ कमी होते, तेव्हा आधी तसं विचारायला हरकत नाही. त्याच वेळी रक्तही द्यावं लागतं. ऑलिगोक्लोनल पट्टे (प्रतिपिंडांच्या खुणा) पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, हा फरकच तर शोधायचा असतो.

एवढं करूनही कधी कधी उत्तर ‘आत्ता सांगता येत नाही’ असंच मिळतं. हा डॉक्टरांचा चालढकलपणा नव्हे. तीन ते सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने पुन्हा एमआरआय काढायचा. मधल्या काळात नवा त्रास 24 तासांपेक्षा जास्त टिकला तर ती तारीख लिहून ठेवायची आणि अपॉइंटमेंटची वाट न बघता न्यूरोलॉजिस्टला फोन करायचा.