सोडियमला आनंद वगैरे काही होत नाही

सोडियमच्या शेवटच्या कक्षेत १ इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला १ कमी, मग सोडियम तो देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, दोघांचं अष्टक (बाहेरच्या कक्षेत ८ इलेक्ट्रॉन) पूर्ण, दोघं खूश आणि झालं मीठ. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकली असणार. आमच्या सरांनी तर लग्नातल्या देण्याघेण्याचं उदाहरण देऊन समजावलं होतं, पेपरात मार्कही पडले. पण मला तेव्हापासून एकच खटकायचं, अणूला कसं कळतं की आपल्याला ८ पाहिजेत? त्याला काय मोजता येतं?

नाहीच येत. त्याला ८ शी काही देणंघेणं नाही, सगळा खेळ ओढीचा आहे. सोडियमच्या केंद्रात ११ प्रोटॉन, बाहेर इलेक्ट्रॉन २, ८, १ असे. तो शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन लांब आहे आणि मधले १० जण केंद्राची बरीचशी ओढ झाकून टाकतात, त्यामुळे तो सैल बसलेला असतो. क्लोरीनच्या केंद्रात १७ प्रोटॉन आणि बाहेरचे ७ इलेक्ट्रॉन सगळे एकाच कक्षेत, ते एकमेकांना फारसं झाकत नाहीत, म्हणून तिथे एका जादा पाहुण्यालाही ओढून धरण्याइतका जोर उरतो. या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनाच संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात, आणि कोण कोणाशी कसं जोडलं जाणार ते बहुतेक वेळा हेच ठरवतात, आतले तसे निवांत असतात.

आता जरा हिशोब बघा, कारण खरी गंमत इथे आहे. सुटे अणू धरले तर २३ ग्रॅम सोडियममधल्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला साधारण ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. तेवढ्याच संख्येच्या क्लोरीन अणूंनी ते इलेक्ट्रॉन घेतले की परत मिळतात ३४९. म्हणजे १४७ किलोज्यूलचा चक्क तोटा! नुसत्या देण्याघेण्यात दोघं खूश वगैरे काही होत नाहीत, उलट खिशातून जातात. मग मीठ बनतंच कसं? तर सोडियम आता धन झाला, क्लोरीन ऋण झाला, आणि ते जवळ येऊन रचले जातात, स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती ६ सोडियम. या रचनेतून जवळपास ७८७ किलोज्यूल सुटतात, तोटा भरून निघतो आणि वर भरपूर उरतात. म्हणजे लग्नच म्हणायचं तर एका जोडप्याचं नाही, अख्ख्या गावाचं. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं तेही या पकडीमुळेच.

बरं, मग सोडियम २ इलेक्ट्रॉन का देत नाही, ओढ अजून वाढली असती की? कारण दुसरा काढायचा तर आतल्या कक्षेत हात घालावा लागतो, आणि त्याची किंमत आहे सुमारे ४५६२ किलोज्यूल. पहिल्याच्या नऊपट! ते कशानेच भरून निघत नाही. अष्टकाचा नियम म्हणतात तो खरं तर हा एवढाच आहे, पुढची पायरी परवडत नाही.

कार्बनची तऱ्हा वेगळी, त्याच्याकडे बाहेर ४ इलेक्ट्रॉन, ४ देणंही महाग आणि ४ घेणंही, म्हणून तो भागीदारी करतो. दोन केंद्रांच्या मध्ये राहून दोघांनाही ओढून ठेवणारी इलेक्ट्रॉनची जोडी म्हणजे बंध, ही कल्पना गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये मांडली, आपण वहीत काढायचो ते ठिपकेही त्याचेच.

आणि ज्यांचं अष्टक आधीच भरलंय त्यांचं काय? झेनॉनसारखे वायू कोणाशीच जोडले जात नाहीत असं पुस्तकं सांगायची. १९६२ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला नील बार्टलेटने इलेक्ट्रॉन भयंकर जोराने ओढणारा प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड नावाचा पदार्थ वाफेच्या रूपात ऑक्सिजनबरोबर ठेवला तर त्याने ऑक्सिजनच्या रेणूचाच इलेक्ट्रॉन काढून घेतला. तेवढ्याच संख्येच्या ऑक्सिजन रेणूंचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला लागतात साधारण ११७५ किलोज्यूल. बार्टलेटने तक्त्यात बघितलं, झेनॉनला लागतात ११७०. मग काय, ऑक्सिजनच्या जागी झेनॉन सोडला, आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र येताच साध्या खोलीच्या तापमानाला पिवळसर केशरी घन पदार्थ तयार! झेनॉनचं अष्टक भरलेलं होतं खरं, पण ते पाचव्या कक्षेत, केंद्रापासून लांब, म्हणून सैल.

निऑनचे ८ मात्र दुसऱ्याच कक्षेत, केंद्राला अगदी चिकटून, तिथे एक काढायलाच सुमारे २०८१ किलोज्यूल लागतात. त्याचं एकही टिकाऊ संयुग अजून कोणाला बनवता आलेलं नाही. आणि मिठातला सोडियम, तो एक इलेक्ट्रॉन गेल्यावर, अगदी निऑनसारखेच १० इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला असतो, फक्त आत प्रोटॉन १ जास्त.